अकरा नंबरची प्लेट

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी वही, नवी नोकरी, नवी खोली. आईनं दिलेली ट्रंक तेवढी जुनी, आणि तिचं कुलूप नेहमीसारखंच उघडता उघडत नाही. पण आज मला कशाचाच राग येत नाहीये. बसमधून उतरल्यापासून शीळ घालतोय.

नोकरी हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये. हुद्दा मदतनीस. वरच्या वॉर्डांतून रक्त, लघवी, पू, थुंकी अशी सगळी मेजवानी खाली येते. ती ओळीनं मांडायची, चिठ्ठ्या डकवायच्या, काचेच्या प्लेट्स उकळायच्या, धुवायच्या, पुसायच्या आणि तोंड बंद ठेवायचं. यातलं शेवटचं मला जमेल का, हाच काय तो प्रश्न.

लॅबचे प्रमुख तात्या. सगळं हॉस्पिटल त्यांना तात्याच म्हणतं. उंच, काटकुळे, गुडघ्याच्या खाली येणारा पांढरा अॅप्रन. आवाज असा, की शेजारी कुणीतरी झोपलंय आणि त्याची झोप मोडू नये. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. हात थरथरतो का, आणि हातात घेतलेलं काम मध्येच सोडायची सवय आहे का. पहिल्याचं उत्तर खरं दिलं.

खोलीही त्यांच्याच घरात, हॉस्पिटलमागच्या गल्लीत. खाट, टेबल, भिंतीतलं कपाट, गल्लीकडे उघडणारी एक उंच खिडकी आणि एक आरसा. आरशाच्या चौकटीत केसांच्या तीन पिना खोवलेल्या आहेत. त्या काढायच्या नाहीत, एवढीच अट. तात्यांची बायको जाऊन अकरा वर्षं झाली, असं शेजारच्या शिंप्यानं न विचारता सांगितलं.

आता या सगळ्याचं कारण. कॉलेज मी तिसऱ्या वर्षाच्या मधोमध सोडलं. प्रॅक्टिकलच्या सरांनी झिपरीला, म्हणजे वर्गातली जिच्यावर माझा जीव आहे तिला, चारचौघांत टोमणा मारला आणि मी त्यांच्या टेबलावर जर्नल असं आपटलं की शाईची अख्खी दौत त्यांच्या शर्टावर. झिपरी खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, माझं वकीलपत्र तुला कुणी दिलं होतं? वर म्हणाली, तुझं प्रेम, तुझा अभ्यास, तुझी भांडणं, सगळं अर्धं. एक तरी गोष्ट पुरी कर, मग तोंड दाखव.

तर ठरलं. एक महिना, एका जागी, एकही भांडण न करता. तिला तसं पत्र टाकलंय. महिना पुरा झाला की ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

५ नोव्हेंबर, बुधवार

काम मला आवडायला लागलंय, पण हे कुणाला कळू देणार नाही.

प्लेटच्या तळाशी रक्त मिसळलेला, जेलीसारखा लाल थर असतो. पेशंटचा नमुना तारेच्या कडीनं त्याच्यावर रेघोट्या मारत पसरायचा. मग प्लेट उबवणीच्या पेटीत. पेटी कायम सदतीस अंशांवर, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी ऊबदार. दुसऱ्या दिवशी रेघोट्यांवर जंतू उगवलेले दिसतात. त्यांच्यावर औषध मुरवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. ज्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडलं ते औषध चालतं. जिला जंतू खेटून बसले ते औषध पाण्यात.

तात्या पट्टी घेऊन वर्तुळं मोजतात आणि लाल शाईनं रजिस्टरात नोंदवतात. त्यांचं म्हणणं, ही वर्तुळं दरवर्षी आक्रसत चाललीयत. लोक गोळ्या दोन दिवस खातात, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवतात, पुढच्या खेपेला स्वतःच डॉक्टर होतात. मेलेले जंतू मेले, पण जगलेले शहाणे होऊन बसतात.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर दिवसातून चारदा खाली येतात आणि समोर दिसेल त्याला कामाला लावतात. माझं शिक्षण विचारलं. अडीच वर्षं, म्हणालो. तेव्हापासून मी अर्धवटराव. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याची काही खैर नव्हती. पण त्यांनी हे म्हणता म्हणता माझ्या हातात गरम चहाचा कप दिला, आता काय बोलणार?

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी तात्यांनी सगळ्यांना जेवायला पिटाळलं. मी चष्म्याचं फडकं न्यायला परत आलो तर ते उबवणीच्या पेटीसमोर पाठमोरे बसलेले. हातात एक जुनी, जाड काचेची प्लेट. झाकणावर ११ असा आकडा. तिच्यातलं थोडं तारेनं उचलून ते नव्या प्लेटवर पसरत होते आणि कुणाशी तरी बोलत होते. गुरुवार आला बघ, असं काहीसं.

खोलीत गोड वास होता. जास्त पिकलेल्या द्राक्षांसारखा.

मी पावलं न वाजवता मागे फिरलो.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज सिस्टरांनी माझा जीवच घेतला, पण शिकवणीच्या निमित्तानं.

सकाळी एक सुतार आला. चार दिवसांपूर्वी खिळ्यानं बोट खरचटलं होतं, एवढंच. बायको सांगत होती की थंडीताप आहे आणि सकाळपासून हे मला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारतायत. बाकावरचे दोघंतिघं हसले. सिस्टर हसल्या नाहीत. घड्याळ धरून त्याचे श्वास मोजले, तळवे चाचपले आणि रांगेतल्या सगळ्यांना बाजूला सारून त्याला आत घेतलं. रक्ताचा नमुना आधी, सुईतून औषध लगेच पुढे, सगळं पहिल्या तासात. संध्याकाळी तो बायकोला बायको म्हणायला लागला होता.

नंतर मला उभं करून पाठ करून घेतलं. जखम लहान आहे की मोठी ते बघू नकोस, माणूस बघ. हुडहुडी भरते. श्वास धावल्यासारखा चालतो. बोलणं भरकटतं. हातपाय गार आणि कातडीवर जांभळट जाळं. दिवसभर लघवी नाही. आणि तो स्वतः सांगतो की मला काहीतरी भयंकर होतंय. यातलं एखादं जरी दिसलं तरी लाजायचं नाही, थेट विचारायचं, हा जंतूंचा विषार रक्तात तर गेला नाही ना? जो विचारतो तो पेशंट वाचवतो. जो उद्यावर टाकतो तो पेशंट घालवतो.

त्याच दुपारी एका बाईला आणलं, ओठ पावासारखे सुजलेले, घशातून शिट्टी वाजतेय. शेजारणीच्या डब्यातली उरलेली गोळी घेतली होती, बिचारीला ती सोसत नव्हती. सिस्टर इंजेक्शन भरता भरता ओरडत होत्या की गोळी म्हणजे पेपरमिंट नव्हे. बाई वाचली. मी मात्र रात्रीचं जेवण अर्ध्यावर सोडलं. घ्या, तेही अर्ध्यावर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज तात्यांनी मला जेवायला पाठवलं नाही. दार लावून घेतलं आणि सांगितलं.

काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पायाला न्हाणीघराच्या फरशीचा कोपरा लागला होता. तात्यांनी घरात होत्या त्या गोळ्या दिल्या. लॅबचा माणूस, म्हणून कुणाला विचारलं नाही. तीन दिवस गेले. मग हॉस्पिटल, मग नेहमीची औषधं, मग तात्यांच्याच टेबलावर काकूंच्या रक्ताची प्लेट. बारा टिकल्या ठेवल्या. अकरा टिकल्यांना जंतू खेटून बसले होते. फक्त एकीभोवती वर्तुळ. ते औषध जुनं, सुईतूनच द्यायचं, मूत्रपिंडं खराब करू शकतं म्हणून कुलपात ठेवलेलं. ते सुरू होईपर्यंत उशीर झाला होता. रिपोर्ट त्यांनीच लिहिला, लाल शाईनं.

ती गेली, म्हणाले. पण तिच्या अंगातलं काहीतरी प्लेटवर जिवंत होतं, वाढत होतं. ते उकळत्या पाण्यात कसं टाकायचं, तूच सांग.

मग दर गुरुवारी जुन्या प्लेटवरून नवीवर. खाणं संपलं तर ते मरेल म्हणून. अकरा वर्षं. एक गुरुवार चुकलेला नाही. अंगात ताप असताना आले, भाऊ वारला त्या दिवशी आले.

शहाण्या माणसाला हे ऐकून घाम फुटला असता. मला रडू फुटलं. याला म्हणतात पुरं करणं! मी म्हणालो, झिपरीनं मला सर्दी दिली तर ती मीसुद्धा जन्मभर जपेन. तात्या पहिल्यांदाच हसले. आजची प्लेट त्यांनी मला करू दिली. हिरवट झाक, आणि तो गोड वास. शेवटी शेवटी काकूंच्या केसांनासुद्धा हाच वास येत होता, म्हणाले.

त्या बाराव्या औषधाचं नाव त्यांनी सांगितलं. लांबलचक आहे, उद्या नीट विचारून इथे लिहीन.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पत्र आलं! तीस तारखेच्या रविवारी येतेय! सकाळच्या गाडीनं, खोलीवरच येईन म्हणते. पत्ता नीट लिहिला होतास म्हणून आश्चर्य वाटलं, असंही लिहिलंय. तिच्या टोमण्यांत किती गोडवा असतो. सिस्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अर्धवटराव, तोवर केस कापा आणि नोकरी टिकवा.

पंधरा दिवस!

१७ नोव्हेंबर, सोमवार

लॅबचा वास कपड्यांना लागून घरी येत असणार. खोलीत आल्या आल्या द्राक्षं. शर्ट बाहेर वाळत टाकला, तरी वास खाटेच्या उशाशीच.

आरशावर दुपारी वाफ होती. गरम पाणी नाही, स्टोव्ह नाही. पुसली. पिना मोजल्या. दोन.

तिसरी माझ्या टेबलावर, या वहीवर होती. मी ठेवली असेल. मी ठेवली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

माझं डोकं का फिरतं? का?

तात्या वर मीटिंगला. आजची प्लेट तू कर, म्हणून विश्वासानं सांगून गेले. पोस्टमन खाली येऊन पत्र देऊन गेला. झिपरी लिहिते, त्या सरांनी दुसऱ्याच दिवशी तिची माफी मागितली होती. आपणहून. मी जर्नल आपटलं नसतं तरी मागितली असती. सर तसे चांगले आहेत. सर आता तिला पुढच्या परीक्षेसाठी मदत करतायत. सर असे, सर तसे.

मी मूठ टेबलावर आपटली. मुठीत अकरा नंबरची प्लेट होती.

जाड काच, चार तुकडे. एक माझ्या डाव्या तळव्यात, अंगठ्याखाली, चांगला बोटभर खोल. लाल थर, हिरवं पाणी, माझं रक्त, सगळं एक झालं. आणि वास. पण मी जखमेचा विचार केला नाही. तात्यांचा केला. तिच्या आधीच्या आठवड्याची प्लेट फ्रिजमध्ये असेल म्हणून धावलो. ती मी सकाळीच उकळली होती. माझ्याच हातांनी, पुढचं काम आधी उरकून ठेवावं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वेळेआधी पुरं केलं.

अकरा वर्षं. मी पाच सेकंदांत संपवली.

मग मी जे केलं ते लिहायची लाज वाटते. दुसऱ्या एका पेशंटचे साधे जंतू नव्या प्लेटवर ओढले, वर ११ लिहिलं आणि पेटीत ठेवलं. हात साबणानं धुतला, पट्टी बांधली. तात्यांना सांगितलं, ट्रंकेच्या कुलपानं कापलं.

दहा दिवस काढायचेत. नोकरी गेली तर झिपरी काय म्हणेल ते मला पाठ आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तळवा सुजलाय. पट्टीवर हिरवट डाग. सिस्टरांना दाखवलं तर नमुना घेतील, नमुना खाली येईल, तात्यांच्या टेबलावर जाईल आणि ते एका वासात ओळखतील.

वॉर्डातल्या खणात घरी गेलेल्या पेशंटांच्या उरलेल्या गोळ्या पडलेल्या असतात. दोन पाकिटं उचलली. मला कळतं तेवढं. अडीच वर्षं काय झक मारली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सूज उतरली! ठणका कमी. मात्र गोळ्यांनी पोटाची वाट लावली, सकाळपासून सात वेळा जाऊन आलो. बरं वाटतंय तर गोळ्या कशाला? बंद केल्या. उरलेल्या टेबलाच्या खणात.

हे वाक्य लिहिल्यावर खोलीत कुणीतरी हळूच सुस्कारा सोडला. वाऱ्याचा आवाज असेल. खिडकी बंद आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी हुडहुडी भरली. दात असे वाजत होते की शिशा धुताना टकटक कुठून येतेय ते मला कळेना. सिस्टरांनी पट्टी बघितली. काय रे हे? कुलूप, म्हणालो. कुलूप चावलं का तुला, म्हणाल्या, आणि हात पुढे केला. मी हात मागे घेतला, हसलो, उद्या दाखवतो म्हणालो. उद्या त्यांची सुट्टी. परवा मी आल्या आल्या, म्हणाल्या, विसरलास तर कान धरून नेईन.

त्यांच्या पाठीमागून हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रजा. ताप. पोत्यानं अंग झोडपल्यासारखं.

मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ. प्लेटवर रेघोटी ओढावी तशी सरळ.

दुपारभर खोलीत दोन श्वास. मी माझा रोखून बघितला. दुसरा चालूच.

आरशात पिना नाहीत. उशीवर तिन्ही. आणि उशी ओली, गोड वासाची, नुकतेच केस धुऊन कुणी टेकलं असावं तशी.

भीती वाटतेय हे लिहून ठेवतो. झिपरी, ऐकतेस का — चार दिवस.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवार. मी विसरलोच होतो.

कामावर गेलो, सिस्टर भेटतील म्हणून. जिना उतरताना भिंत धरली. तात्या पेटीसमोर बसलेले. झाकण उघडलं, नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग तसेच बसून राहिले. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

उठले, माझा हात धरला, पट्टी सोडली आणि जखमेवर वाकून डोळे मिटून वास घेतला. खूप वेळ. त्यांचे अश्रू माझ्या तळव्यावर पडले, गरम. सापडली, म्हणाले.

सिस्टर वर होत्या. जिना पंधरा पायऱ्यांचा. मी म्हणालो, मला वर जाऊ द्या. तात्या म्हणाले, चल, घरी चल, तुला ऊब हवी. त्यांचा आवाज इतका मायेचा होता. मागच्या दारानं आणलं. मी का आलो त्यांच्याबरोबर? मी का आलो?

२८ नोव्हेंबर

खोलीत दोन शेगड्या. खिडकीच्या फटींत कापूस. खाटेला पेटीचा थर्मामीटर बांधलाय.

गोळ्यांचा खण रिकामा. मी मागितल्या, तर म्हणाले की ह्या तिला चालतच नाहीत, उगाच त्रास. खरंय. चालत नाहीत. मग ते बारावं द्या, म्हणालो. कुलपातलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, मी काहीतरी अभद्र बोललो जणू. ते दिलं तर ती मरेल ना रे, म्हणाले.

वही मात्र काढून घेतली नाही. लिहीत जा, म्हणाले. नोंद असलेली बरी.

कालपासून लघवी नाही. एक.

२८, नंतर

झोप लागली होती. जाग आली तर याच पानाच्या कडेला लाल शाई. बारीक, सुरेख अक्षर. वाढ भरपूर. वास आहे. झाक हिरवी.

मी वाचतोय. मी प्लेट आहे.

२९

श्वास मोजले. बत्तीस. परत — तीस. गुडघ्यांवर जांभळं जाळं आलंय, सुंदर, पानाच्या शिरांसारखं. दोन. तीन. सिस्टर, मला सगळं पाठ आहे. विचारायचं कुणाला?

त्या आल्या होत्या. पुढच्या दारात. त्यांचा आवाज ओळखला. अर्धवटराव कुठाय? तात्या म्हणाले, घरी गेला. सोडून. सवयच आहे त्याला.

आणि त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी ओरडलो. ओरडलो असं वाटलं. तोंडातून नुसती वाफ.

तात्या पाणी पाजायला आले. मी त्यांना म्हणालो, पुरे ना आता, बगळोबा.

पेला खाली पडला. हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मला माहीत नाही कुठून — तात्या जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. तिच्याशिवाय या नावानं कुणी हाक मारली नाही, म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा बोललीस.

ते मला बोललीस म्हणाले.

२९?

काकू वाईट नाहीत. हे लिहायला हवं. खाटेच्या कडेला बसतात, केस ओले. त्यांना थंडी वाजते. म्हणतात, दर गुरुवारी मला नव्या पांघरुणात घालतो, झोपू देत नाही. अकरा वर्षं झोपू देत नाही. त्याला सांग.

सांगितलं. मी सांगितलं, त्यांच्याच आवाजात. तात्या हसले. शेगडी वाढवली. उद्या तुझा नमुना घेतो, म्हणाले, नवी प्लेट तयार आहे.

आणि उद्या ती मुलगी येईल, तिला मी सांगतो, काळजी करू नकोस. वही वाचलीय त्यांनी. सगळी.

३० रविवार

उजेड आहे. काकूंनी उठवलं. गार हात कपाळावर — उठ, आली.

दार वाजतंय.

तिचा आवाज. झिपरीचा. मी ओळखेन, मेलो तरी. तात्यांचा आवाज हळू, झोपलेलं आहे ना कुणी. सोडून गेला म्हणतायत. मधेच. ती गप्प. झिपरी, तू विश्वास ठेवू नकोस, या एकदाच —

ती म्हणतेय, नाही. म्हणतेय, महिना पुरा होईपर्यंत थांबतो असं त्यानं लिहून दिलंय. भांडतेय! माझी झिपरी भांडतेय!

खिडकी. कापूस काढला. हात पोचतो. वही गल्लीत पडेल. आधी लिहितो मग टाकतो.

झिपरी हे पान वाच बाकी नको. पळत मोठ्या सिस्टरांकडे जा. मी मागच्या खोलीत आहे. विषार रक्तात गेलाय, हे शब्द म्हण, लाजू नकोस. अकरा नंबर म्हण. नेहमीची औषधं नकोत, वेळ जाईल, चालत नाहीत. बारावं. एकच चालतं. नाव वर लिहायचं होतं, तेरा तारखेला — उद्या लिहीन म्हणालो — नाही लिहिलं

आठवत नाही. डोकं — प्लेटसारखं, नुसतं लाल

काकूंना आठवतंय. त्या सांगतायत, कानाशी, एकेक अक्षर. त्यांनाही झोपायचंय. मी लिहितोय. पावलं बोळातून येतायत लिहितोय मी पुरं करणार आहे हे एवढं पुरं करणार त्याचं नाव

को